गाण्याचे पुरावे गोळा करणारा वकील

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी गाण्याची, तबल्याची किंवा कथकची परीक्षा दिली असेल, त्यांना तो आठवेल. 'त्रिताल भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही लिपींत लिहा.' आठवलं ना? बोरिवली, अंधेरी, मुलुंड, कुठेही जा, सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या रिकाम्या वर्गात शनिवार-रविवारी हे क्लास भरतात. तिथली पोरं भातखंडे लिपीत ताल लिहिताना समेवर फुली मारतात आणि खालीवर शून्य काढतात. पलुस्कर लिपीत मात्र समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. या दोघांची अदलाबदल करून ज्यांनी मार्क घालवलेत, त्यांनी मनातल्या मनात हात वर करा.

यातले विष्णु दिगंबर पलुस्कर हे पट्टीचे गवई होते, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. त्यांनी लिपी तयार केली यात नवल नाही. पण ती फुली आणि ते शून्य ज्यांचं, ते विष्णु नारायण भातखंडे पेशानं वकील होते. बी.ए., एलएल.बी. सनद घेतलेले, कोर्टात उभे राहिलेले, बायको-मुलगी असलेले संसारी गृहस्थ.

मग हिंदुस्थानी संगीताची मांडणी एका वकिलानं का केली? आणि तो वकील होता म्हणून काही वेगळं घडलं का? माझं म्हणणं असं, की घडलं. त्यांनी गाण्याकडे एखादा दावा उभा करावा तसं पाहिलं. साक्षीदार शोधले, जबान्या लिहून घेतल्या, कागदपत्रं तपासली आणि मगच बोलले. यातून आपल्याला खूप काही मिळालं. काही सुटलंही. आज दोन्ही बाजू बघू.

वाळकेश्वरचा मुलगा

१० ऑगस्ट १८६०, गोकुळाष्टमी. मुंबईत वाळकेश्वरला भातखंड्यांचा जन्म झाला. तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम ७ वर्षं झालेली. अंधेरी आणि बोरिवली म्हणजे शेतं, वाड्या आणि झाडी.

घरात गाण्याची आवड होती, पण त्या काळी आवड असणं आणि शिकणं यात मोठं अंतर होतं. प्रतिष्ठित घरातल्या माणसानं गाणं ऐकावं, बैठकीला जावं, दाद द्यावी, पण स्वतः गळा काढून गाऊ नये, असा एकूण रिवाज. नाचाचं तर नावच नको. मुलानं शिकून वकील व्हावं, मामलेदार व्हावं, हा सरळ मार्ग. भातखंडे त्या मार्गानं गेले आणि बाजूनं गाणंही शिकत राहिले. तरुणपणी वल्लभदास यांच्याकडे सतार शिकले. १८८५ मध्ये बी.ए. झाले, १८८७ मध्ये एलएल.बी. काही काळ कराचीला वकिली केली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, त्यामुळे तिकडे जाणं हे आजच्यासारखं परदेशी जाणं नव्हतं. मग परत मुंबई.

या सगळ्याच्या मध्ये १८८४ साल येतं. मुंबईत 'गायन उत्तेजक मंडळी' नावाची एक संस्था होती. पारशी सुधारक कैखुश्रू काबराजी यांनी ती १८७० मध्ये काढलेली. सभ्य घरातल्या लोकांनी शास्त्रशुद्ध गाणं शिकावं, म्हणून चालवलेली ही मंडळी. भातखंडे तिचे सभासद झाले. तिथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं मिळाली, अली हुसेन आणि विलायत हुसेन या उस्तादांकडून ख्याल मिळाले. शेकडो चिजा. बंदिशीला आपल्याकडचे गाणारे 'चीज' म्हणतात. पिझ्झ्यावरचं नव्हे हो!

म्हणजे बघा, पारशी माणसाची संस्था, हिंदू आणि मुसलमान गुरू, आणि शिकणारा हा मराठी वकील. मुंबईत हे असंच व्हायचं.

तीन सालं

आता तीन सालं सांगतो.

१९००. भातखंड्यांची पत्नी वारली.
१९०३. त्यांची मुलगी वारली.
१९०४. भातखंडे दक्षिण हिंदुस्थानच्या लांबच्या प्रवासाला निघाले.

वय ४४च्या आसपास. त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक लोक पहिल्या दोन सालांवरून एका ओळीत पुढे जातात, कारण तिसऱ्या सालापासून 'कार्य' सुरू होतं. आपण तिथे क्षणभर थांबू. दिवसभर कोर्टाची कामं करून संध्याकाळी घरी येणारा माणूस. घरात बायको, मुलगी. चार वर्षांच्या आत दोघीही नाहीत. घरी परत यायचं ते कुणासाठी? त्यांचा पुढचा सगळा काळ, जवळजवळ ३३ वर्षं, गाण्यामागे गेला. वकिली आधी कमी झाली आणि १९१०च्या सुमारास सुटलीच. त्यांच्या संसाराची जागा चिजांच्या वह्यांनी घेतली, असं म्हटलं तर ते ऐकायला छान वाटतं. पण त्या वह्यांची किंमत काय होती, हेही त्याच वेळी लक्षात ठेवायला हवं.

साक्षीदार शोधायला

त्या वेळची अडचण नीट समजून घेऊ. गाणं होतं, भरपूर होतं. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर, बडोदा, प्रत्येक संस्थानात मोठमोठे गवई होते. पण एकाच रागाची दोन घराण्यांत दोन रूपं. एक म्हणतो या रागात कोमल धैवत लागतो, दुसरा म्हणतो शुद्ध. कुणाला 'का' विचारलं, तर उत्तर ठरलेलं: आमच्या उस्तादांनी असंच सांगितलं. लिहिलेलं काही नाही. चीज मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, फार तर एखाद्या लाडक्या शागीर्दाला. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर त्याची शंभर-दोनशे गाणीही गेली.

दुसरीकडे संस्कृत ग्रंथ होते. त्यातला सर्वांत मोठा 'संगीतरत्नाकर', तेराव्या शतकातला. तो लिहिणारा शारंगदेव आपल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारात होता, म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. त्या ग्रंथात संगीत या एका शब्दात गाणं, वाजवणं आणि नाचणं हे तिन्ही धरलेलं आहे. ग्रंथ थोर. पण त्यातले राग विसाव्या शतकातल्या गवयाच्या गळ्याशी ताडून बघायला गेलं, की मेळ बसेना. नावं तीच, राग वेगळे.

मग वकील काय करतो? फिरतो. १९०४ मध्ये मद्रास, तंजावर, मदुराई. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितर भेटले. हे मुथुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले. त्यांच्याकडून 'चतुर्दंडीप्रकाशिका' या ग्रंथाची प्रत मिळाली. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीचा हा ग्रंथ, ज्यात ७२ मेळांची मांडणी आहे. हा कागद पुढे फार कामाला येणार आहे.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद करत कलकत्त्यापर्यंत. तिथे राजा सौरींद्र मोहन टागोर भेटले. १९०८-०९ मध्ये उत्तरेत अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर. जिथे जाईल तिथे गवयांना भेटायचं, पंडितांना भेटायचं, ग्रंथालयांतल्या पोथ्या उतरवून घ्यायच्या आणि रोजची नोंद डायरीत लिहायची. प्रश्नांची यादी घेऊन फिरणारा माणूस. दहा गवयांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. कोर्टात साक्षी-जबान्या हाताळलेल्या माणसाला ही सवय नवी नव्हती.

जयपूरला मनरंग परंपरेचे महंमद अली खाँ होते. त्यांच्या मुलांनी, आशिक अली आणि अहमद अली यांनी, घराण्यातल्या शेकडो चिजा फोनोग्राफवर गाऊन दिल्या. फोनोग्राफ म्हणजे मेणाची नळी फिरवून त्यावर आवाज कोरणारं यंत्र. एका नळीवर दोनेक मिनिटं मावायची. आज तुमच्या फोनमध्ये तासाचा व्हॉइस मेमो सहज मावतो, म्हणून हा आकडा सांगितला. रामपूरला तानसेनाच्या परंपरेतले वझीर खाँ होते. नवाब हमीद अली खाँ यांच्यामुळे तिथलं दार उघडलं आणि भातखंडे वझीर खाँसाहेबांचे शागीर्द झाले. पन्नाशीच्या आसपासचा, पदवीधर, सनदी वकील शागीर्द!

रूढी मोठी की ग्रंथ?

आता थोडं कायद्याकडे वळू. कंटाळू नका, दोनच मिनिटं.

१८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं एक गाजलेला निकाल दिला. दक्षिणेतल्या रामनाद जमीनदारीचा दत्तकाचा वाद होता. त्यात न्यायाधीशांनी हिंदू कायद्याबद्दल एक तत्त्व सांगितलं: लोकांत चालत आलेली रूढी स्पष्ट पुराव्यानं सिद्ध झाली, तर ती ग्रंथातल्या लेखी वचनापेक्षा वजनदार ठरते. म्हणजे धर्मशास्त्राच्या पोथीत काय लिहिलंय, यापेक्षा लोक खरोखर काय पाळतात ते बघा. मात्र ते सिद्ध करा. भातखंडे १८८०च्या दशकात कायदा शिकले, तेव्हा हे तत्त्व हिंदू कायद्याच्या अभ्यासाचा पायाच झालेलं होतं.

आता त्यांच्या पुस्तकाचं नाव बघा. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. १९१०च्या सुमारास आलेला संस्कृत ग्रंथ. संगीतशास्त्रात दोन शब्द आहेत: लक्षण आणि लक्ष्य. लक्षण म्हणजे ग्रंथातला नियम. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जातं ते. भातखंड्यांनी नावातच लक्ष्याची बाजू घेतली. आज गवई जे गातात तो पुरावा, आणि नियम त्या पुराव्यावरून बसवायचे. या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचा उद्योग माझा आहे, भातखंड्यांनी तो निकाल समोर ठेवून ग्रंथ लिहिला असं मी म्हणत नाही. पण डोकं त्याच मुशीतलं आहे, हे दिसतं.

एक गंमत सांगतो. हा संस्कृत ग्रंथ त्यांनी 'चतुरपंडित' या नावानं लिहिला. मग 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' नावाचे मराठीत जाडजूड ४ भाग लिहिले, ते 'विष्णुशर्मा' या नावानं. त्यात गुरू आणि शिष्य बोलतात. शिष्य प्रश्न विचारतो, शंका काढतो, गुरू उत्तरं देतो, चक्क उलटतपासणी चालते. आणि त्यात गुरू मधूनमधून 'चतुरपंडित असं म्हणतात' म्हणून दाखला देतो. म्हणजे वकील स्वतःच्याच ग्रंथाचा हवाला स्वतःच्याच दुसऱ्या नावानं देतोय! आणि हे सगळं मराठीत, बरं का. हिंदी भाषांतरं नंतर आली. हिंदुस्थानी संगीताचं आधुनिक शास्त्र आधी आपल्या भाषेत लिहिलं गेलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

बडोदा, १९१६

पुरावा गोळा झाला. आता कोर्ट भरवायला हवं. मार्च १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद, पंडित, अभ्यासक एका मांडवात.

तिथे मोठा वाद झाला तो श्रुतींचा. ई. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गणित मांडून २२ श्रुती ठरवल्या होत्या आणि त्या वाजतील अशी खास हार्मोनियम बनवून घेतली होती. भातखंड्यांचा याला विरोध. त्यांचं म्हणणं साधं: गवयाच्या गळ्यातून निघतं त्याच्याशी हे जुळतं का, ते बघा. परिषदेत जमलेल्या गायकांच्या सुरांशी ती पेटी जुळेना, आणि ती मान्य झाली नाही. गणितापेक्षा गळ्याचा पुरावा मोठा ठरला.

पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौलाही परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. त्याच्यामागे भातखंड्यांबरोबर राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली होते. आज तेच भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे.

दहा खण

आता क्लासमध्ये पाठ केलेल्या त्या दहा थाटांकडे येऊ. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी.

हार्मोनियमच्या एका सप्तकात १२ पट्ट्या असतात. सा आणि प पक्के, हलत नाहीत. उरलेल्या रे, ग, म, ध, नि या पाचांची दोन-दोन रूपं. प्रत्येकाचं एकच रूप घेऊन सात सुरांचा संच करायचा म्हटलं, तर २ गुणिले २ असं पाच वेळा, म्हणजे ३२ संच होतात. व्यंकटमखीचा हिशोब वेगळा, तो ७२ वर जातो. भातखंड्यांनी त्या ७२च्या कल्पनेवरून धागा घेतला, पण सगळे संच घेतले नाहीत. आपल्याकडे खरोखर गायले जाणारे राग कशात बसतात ते पाहिलं आणि १० निवडले. म्हणजे कपाटाला ७२ खण करता आले असते, पण सामान बघून १० केले.

तीच गोष्ट लिपीची. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. शाळेतल्या पोराला दोन दिवसांत येईल, साध्या छापखान्यात छापता येईल. याच लिपीत त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका' काढली. ६ भाग, १८००च्या आसपास चिजा. ज्या चिजा जावयालाच मिळायच्या, त्या आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागल्या.

उलटतपासणी

आता दुसरी बाजू. वकिलाचीही उलटतपासणी व्हायला हवी.

पहिला मुद्दा: खण कमी पडतात. अहिरभैरव घ्या. रे कोमल, ग आणि म शुद्ध, ध शुद्ध, नि कोमल. दहापैकी एकाही थाटात हा संच नाही. तरी त्याला भैरवाच्या खणात बसवतात. चारुकेशी, कीरवाणी यांचीही तीच गत.

दुसरा: कागदावर सूर येतो, पण सुरावर जाण्याची वाट येत नाही. मींड, आंदोलन, एखादा स्वर किंचित चढा लावणं, हे रेघा-टिंबांत कसं पकडणार? दरबारीचा गंधार पुस्तकात 'कोमल' एवढाच आहे. तो कसा झुलवायचा, हे समोर बसूनच शिकावं लागतं. भातखंड्यांनाही हे ठाऊक होतं. स्वतः त्यांनी समोर बसूनच शिकलं होतं.

तिसरा मुद्दा जड आहे. त्यांच्या डायऱ्यांत उस्तादांबद्दल कडवट शेरे आहेत: अडाणी, हट्टी, शास्त्र न जाणणारे. इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ च्या 'टू मेन अँड म्युझिक' या पुस्तकात हाच धागा पकडला. संगीताला राष्ट्राचं, ग्रंथांचं, कॉलेजचं रूप देताना ज्या मुसलमान घराण्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं, ती बाजूला पडत गेली, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. मला ही टीका झटकून टाकता येत नाही. भातखंड्यांनी वझीर खाँसमोर शागीर्द म्हणून बसणं खरं, आणि डायरीतला राग पण खरा. साक्षीदाराशिवाय दावा उभा राहत नाही, पण निकालपत्रावर नाव वकिलाचं येतं. आज क्लासमध्ये यमनची चीज शिकणाऱ्या मुलीला भातखंडे हे नाव माहीत असतं. ती चीज कुणाच्या घरातून आली, हे तिला कुणी सांगत नाही.

वाळकेश्वरहून उत्तरेकडे

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६, गणेशचतुर्थीच्या दिवशी ते गेले. गोकुळाष्टमीला आले, गणेशचतुर्थीला गेले. १९६१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. उलट ती रेल्वेसारखी उत्तरेकडे सरकते. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर, मुंबईचेच. त्यांनी लखनौचं कॉलेज अनेक वर्षं चालवलं. त्यांचे शिष्य चिदानंद नगरकर यांनी चौपाटीच्या भारतीय विद्या भवनात संगीताची शाळा उभी केली. हे नगरकर गाणारे तर होतेच, पण शंभू महाराजांकडे कथकही शिकलेले. लखनौच्या कॉलेजात मोहनराव कल्याणपूरकर कित्येक वर्षं कथक शिकवत होते. भातखंड्यांनी गाण्यासाठी आखलेल्या फुली आणि शून्यात आता तत्कार आणि तुकडे लिहिले जाऊ लागले. आपल्याकडची कथकची मुलं लिहितात ते हेच. पुढे सायनच्या वल्लभ संगीतालयात रातंजनकर, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट शिकवू लागले. वाळकेश्वर, चौपाटी, सायन. आता अजून थोडं पुढे जाऊ, जुहूला.

जुहूची वकील

कनक रेळे. जन्म १९३७. यांनीही वकिलीचं शिक्षण घेतलं, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजची एलएल.बी., वर मँचेस्टरहून आंतरराष्ट्रीय कायद्याचा डिप्लोमा. आणि सातव्या वर्षापासून पांचाली करुणाकर पणिक्कर यांच्याकडे कथकली. मुलीनं कथकली शिकणं तेव्हा दुर्मीळच. पुढे त्या मोहिनीआट्टमकडे वळल्या.

मोहिनीआट्टम हा केरळातला बायकांचा नाच. मधल्या काळात बदनाम झालेला, जवळजवळ विस्मरणात गेलेला. वल्लतोळ यांच्या केरळ कलामंडलमनं तो पुन्हा उभा केला, पण मूळ रूप ज्यांच्या अंगात होतं अशा नर्तकी मोजक्या उरल्या होत्या, त्याही वयानं थकलेल्या. रेळे काय करतात? कॅमेरा घेऊन केरळात जातात. १९७०-७१ च्या सुमारास त्यांनी कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा यांच्यासारख्या जुन्या नर्तकींचं चित्रीकरण केलं. मग त्याचा अभ्यास केला. शरीर कसं हलतं, वजन कुठून कुठे जातं, हे लिहिण्यासाठी स्वतःची एक लेखनपद्धत बसवली. १९७७ मध्ये मोहिनीआट्टमवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. जुहूच्या जेव्हीपीडी स्कीममध्ये त्यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आजही चालू आहे. तिथे नाचात पदवी मिळते. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी २०२३ ला त्या गेल्या.

आता दोघांना शेजारी ठेवा. दोघं कायदा शिकलेले. एकानं फोनोग्राफ वापरला, दुसरीनं फिल्म कॅमेरा. दोघं ज्येष्ठ साक्षीदारांकडे वेळेत पोचले. दोघांनी लिहायची पद्धत बसवली आणि शिकवायची जागा उभी केली. एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. रेळ्यांच्या चित्रीकरणात त्या अम्मा दिसतात, आपापल्या चेहऱ्यानं, आपापल्या नावानं. साक्षीदाराची जबानी आणि साक्षीदार, दोन्ही जपले गेले. भातखंड्यांच्या छापील पानावर चीज दिसते, गाणारा दिसत नाही.

मग आपण काय करायचं?

आपल्या खिशात फोनोग्राफही आहे आणि कॅमेराही. क्लासमध्ये ताईंनी बंदिश सांगितली की आपण रेकॉर्ड करतो. आजीनं ओवी म्हटली, आत्यानं मंगळागौरीचं गाणं म्हटलं, की फोन काढतो. आणि ती फाइल? कुठल्यातरी न वाचता येणाऱ्या नावानं पडून राहते, फोन बदलला की जाते.

वकिलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ज्या पुराव्यावर नाव नाही, तारीख नाही, तो मी चालवू कसा? म्हणून एक छोटं काम. पुढच्या वेळी रेकॉर्ड कराल तेव्हा सुरुवातीला पाच सेकंद बोला: कोण गातंय, कुठे, कोणती तारीख. आणि एक प्रश्न विचारा: हे तुम्हाला कुणी शिकवलं? उत्तर तसंच रेकॉर्ड होऊ द्या. मग त्यांच्या गुरूंचं नाव येईल, गुरूच्या आईचं नाव येईल, कदाचित कोकणातल्या नाहीतर देशावरच्या एखाद्या गावाचं नाव येईल. भातखंड्यांच्या कामात जी जागा रिकामी राहिली, ती आपल्यापुरती तरी भरून निघेल.

तुम्हाला असं एखादं उत्तर मिळालं, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू, अर्थात गाणाऱ्याला विचारून आणि त्याचं नाव घेऊनच. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.